इरप्पाने परत आणलेली कात

आमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. तिचं नाव काय ठेवलंय, तर 'शाळेने टाकली कात'. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, मठपती सरांवर पाचशे शब्द द्या. सर गेले त्याला आता सहा महिने झाले. कडू काही नको, गोड आठवणी द्या." मी म्हणाले, "आधी नाव बदला. सर असते तर हा अंक त्यांनी तुमच्या टेबलावर आपटला असता." मुख्याध्यापक हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती आणि ह्यांना गंमत वाटत होती. तेव्हा आधीच सांगते, हे पाचशे शब्द नाहीत आणि गोड तर मुळीच नाहीत. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

मी मूळची हदगावची. विज्ञान शिकवायला म्हणून जळकोटकडच्या ह्या गावात आले तेव्हा नवीन नोकरी, नवीन गाव. स्टाफरूममध्ये पर्स खाली ठेवायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, तुमच्या हदगावाकडं भाकरीच्या पापुद्र्याला काय म्हणतात?"

मी म्हणाले, "पापुद्राच म्हणतात."

"हाव का?" तो माणूस हिरमुसला. "मग काय उपयोग तुमचा!"

हे गुरुपादप्पा मठपती. आठवी ते दहावीला मराठी शिकवायचे. काटकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक तांबडं. "निळ्यानं लोकांचं लिहायचं, तांबड्यानं आपलं," असं ते सांगायचे. मी विचारलं, आपलं म्हणजे काय? तर म्हणाले, "आपलं मत. त्ये सहसा नसतंच. म्हणून तांबडी कांडी वर्षानुवर्षं पुरते."

तांबडं पेन निघायचं ते वर्तमानपत्रासाठी. जीपवाला उदगीरहून पेपर आणून टाकायचा आणि सर मधल्या सुट्टीत तो घेऊन बसायचे. 'शहराने टाकली कात', 'बसस्थानक कात टाकणार', 'तालुक्याची कात टाकण्याकडे वाटचाल' असलं काही दिसलं की गेलाच तो पेपर. तांबड्या शाईनं भोकं पडेपर्यंत रेघा मारायचे. "डांबर वतलं की कात टाकली? रंग दिला की कात टाकली? अहो, साप आतून वाढतो. वाढतो म्हणून जुनी कातडी त्याला पुरत न्हाई. म्हणून टाकतो. ह्यांचं आत काय वाढलंय? आत तीच घाण!" आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच तो मथळा दिला होता, "बाई, तुम्ही विज्ञानवाल्या ना? मग बोलत का न्हाई कुणाला?"

मी हसायचे. तेव्हा मला हसायला पुष्कळ यायचं.

सरांची एक लोखंडी ट्रंक होती. शाळेत तिला सगळे शब्दपेटी म्हणायचे. दर शनिवारी प्रत्येक पोरानं घरून एक शब्द आणायचा, पण नुसता आणायचा नाही. शब्दाला हात लावता आला पाहिजे, असा सरांचा नियम. 'शिंकं' म्हणालास तर शिंकं आण. 'चाडं' म्हणालास तर पेरायच्या तिफणीवरचं ते लाकडी चाडं घेऊन ये, बाप रागावला तर मी बघतो. वस्तू पेटीत जायची आणि तिची नोंद वहीत. शब्द, अर्थ, कुठून आला, आणणाऱ्याचं नाव, आणि शेवटी 'उपयोग'. उपयोग घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आणायचा. सगळं निळ्या शाईत.

आठवीतली शोभा ह्या कामात सगळ्यांच्या पुढं. शोभा म्हणजे आमच्या शाळेच्या शिपायाची, इरप्पाची एकुलती एक पोरगी. एका शनिवारी ती दोन्ही हातांत पळसाची पानं धरून, श्वास रोखून वर्गात आली. पानांवर सापाची अख्खी कात. बांधावरच्या दगडांत सापडलेली, डोक्यापासून शेपटापर्यंत कुठंही न फाटलेली.

सर त्या दिवशी काय खुलले होते! मला माझ्या वर्गातून ओढून आणलं. म्हणाले, "विज्ञान तुम्ही सांगा, मराठी मी सांगतो." मग मी सांगितलं की कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही, तो एका जागी पडून राहतो. मग दगडाला तोंड घासतो, ओठापाशी कातडी सुटते, आणि पायातला मोजा उलटा काढावा तशी ती उलटी होत मागं जाते. डोळ्यांवरची काचसुद्धा त्यातच निघून येते. पोरांनी एकेकानं वाकून त्या दोन काचा बघितल्या.

सरांनी मग फळ्यावर लिहायला घेतलं. देगलूरकडून आलेला एक पोरगा म्हणाला, आमची आई कुबुसं म्हणते. ते तेलुगू. कर्नाटकाकडच्या आजोळाची एक पोरगी म्हणाली, पोरे. ते कानडी. मागच्या बाकावरची शेख म्हणाली, आमच्यात केंचली म्हणतात. सरांनी कातीसकट चारही शब्द एका ओळीत लिहिले आणि म्हणाले, "बघा, एक वस्तू आन् चार घरची चार नावं. आता आपली कात. संस्कृतात कृत्ति म्हणजे कातडं. कृत्तिची झाली कात. कातडं, कातडी ह्या तिच्या बहिणी. आन् कातडं नेसून बसलेला तो कोण? कृत्तिवास. म्हणजे आपला महादेव." असं म्हणून त्यांनी छातीवरच्या लिंगावर हात ठेवला. 

सोमवारी शोभानं आज्जीला विचारून 'उपयोग' आणला. "सर, अडलेल्या बाईच्या कमरेला बांधत्यात. सुटका लवकर होती."

सरांनी निळ्या शाईत ते लिहून घेतलं. जसंच्या तसं. मी दारात उभी होते. मी विज्ञान शिकवणारी बाई, बीएस्सी, बीएड. मी म्हणाले, "सर, हे खरं नाही असं पुढं लिहा की." सर म्हणाले, "बाई, आपण लिहून घेणारे. निवाडा करणारे आपण कोण?" मला ते मोठं पटलं बघा. केवढा नम्र माणूस, असं वाटलं. मी माझ्या वर्गावर निघून गेले.

पुढची काही वर्षं मी सोडून देते. शोभा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, बारावी झाली, लग्न होऊन निलंग्याकडे गेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. इरप्पा रोज घंटा वाजवता वाजवता सांगायचा, "बाई, आता कवाबी."

त्या दिवशी दुसरा तास चालू होता. इरप्पा सरांच्या वर्गाच्या दारात आला. डोक्यावर टोपी नव्हती, हे मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून बघितलं. तो म्हणाला, "सर, पेटीतली कात द्या की. आमच्या म्हातारीनं मागितलीय."

सरांना काय आनंद झाला! इतक्या वर्षांत पेटीतली वस्तू कुणी आपण होऊन मागायला आलं नव्हतं. त्यांनी वर्ग सोडला, ट्रंक उघडली, कात पेपरात गुंडाळून इरप्पाच्या हातात दिली. म्हणाले, "जपून रे इरप्पा. फाटंल." इरप्पा हाव म्हणाला आणि पळाला. शाळेच्या फाटकासमोर जळकोटची जीप उभी होती. सीटा भरायची वाट बघत हॉर्न वाजवत होती. सरांनी हॉर्न ऐकला, मी ऐकला, इरप्पाही त्या जीपच्या पुढ्यातून पळत गेला.

कात शोभाच्या कमरेला बांधली. आणि मग सगळे वाट बघत बसले. म्हातारी म्हणत होती, आता सुटंल, आता सुटंल. जीप भरली आणि निघून गेली. दुसरी आली ती दुपार कलल्यावर. जळकोटचा दवाखाना गाठायच्या आधी, वाटेतच, शोभा गेली. पोटातलं पोरही गेलं.

 वीस-एकवीस वर्षांची पोर. जीप दारात. चाळीस मिनिटांचा रस्ता. आणि आम्ही सगळे शिकलेले लोक तिथंच, फळे पुसत.

इरप्पा पंधरा दिवसांनी कामावर आला. पहिल्यांदा काय केलं असेल, तर पिशवीतून पेपराची गुंडाळी काढली आणि सरांच्या पुढं धरली. "शाळंची वस्तू हाय, सर. बघून घ्या. फाटली न्हाई."

खरंच फाटली नव्हती. म्हातारीनं बांधलेला काळा दोरा तेवढा तिच्यात अडकून होता. सरांनी ती दोन्ही हातांत घेतली. शोभानं आणली होती तशीच. इरप्पा घंटा वाजवायला गेला. सर खुर्चीत बसले आणि त्यांनी वही उघडून तांबडं पेन काढलं. त्या पानावर निळ्या ओळीखाली त्यांनी लिहिलं ते मला पाठ आहे: 'हे खोटं आहे. इरप्पा मागायला आला तेव्हा कशाला पाहिजे हे मी विचारलं नाही. जीप दारात होती. शोभा गेली.'

त्या दिवसापासून सरांना ती सवय लागली. कुणी काही मागितलं की पहिला प्रश्न, "कशाला पाहिजे?" खडू मागा, रजेचा अर्ज मागा, शब्दाचा अर्थ विचारा, "कशाला पाहिजे?" एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी पाणी मागितलं, तर सर म्हणाले, "कशाला पाहिजे?"  नवे शिक्षक सरांच्या मागं नक्कल करायचे. मला कुणी टाळी द्यायला हात पुढं केला की मी तो झिडकारायचे. पण खरं कारण मी एकालाही सांगितलं नाही. वहीतलं खोटं तसंच सोडून वर्गावर गेले ती पहिली, ही माझी दुसरी चूक.

आणि सर नुसते विचारून थांबले नाहीत. कुणाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की सर संध्याकाळी छत्री घेऊन त्या दारात हजर. "जीप ठरवली का? कुणाची? डायवरचा नंबर लिहून भिंतीला लावला का?" लोकांना आवडेल का हे? "मास्तरला काय करायचंय आमच्या बाळंतिणीशी?" एका आजीबाईनं तर अंगावर पाणी फेकलं. सर ओल्या शर्टानं तिथंच उभे. "पाणी फेका, दगड फेका, पण जीप सांगितल्याबिगर म्या हालणार न्हाई." शेवटी त्या घरच्या लेकानं वैतागून फोन लावला तेव्हा सर परतले. जीपवाल्यांशी त्यांची भांडणं तर रोजची. "सीटा भरायचं सोड! बाई बसली की गाडी हलली पाहिजे." जीपवाले म्हणायचे, मठपती सर बिघडलेत. बिघडलेत! गावात नीट विचारणारं एक डोकं होतं आणि त्याला बिघडलेलं म्हणून मोकळे झाले.

सर निवृत्त होऊन लातूरला मुलाकडे गेले. ट्रंक आणि वही शाळेत राहिली. मग गेल्या वर्षी आमच्या शाळेने, ह्यांच्या भाषेत, कात टाकली. फरशी, दिवे, आणि एक 'वारसा दालन'. शब्दपेटीतल्या वस्तू काचेच्या कपाटांत मांडल्या. प्रत्येक वस्तूखाली छापील चिठ्ठी. मजकूर वहीतूनच घेतलेला. कसा घेतला ऐका. संस्थेनं नेमलेल्या सजावटवाल्याला आमच्याच एका शिक्षकानं सांगितलं, तांबड्या शाईतलं सोडून द्या, मास्तर लोकांचं तांबडं म्हणजे चूक दाखवलेली असते, निळं तेवढं घ्या.

मला हे कधी कळलं? उद्घाटनाच्या सकाळी. मी दहावीच्या सरावात अडकलेले, दालनात पाय टाकला नव्हता. सर आले होते, काठी टेकत, मुलगा गाडीनं सोडून गेला होता. इरप्पालाही शाल-नारळाला बोलावलं होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाहुण्यांची भाषणं झाली, फीत कापली, आणि सगळे जेवणाच्या मांडवाकडे वळले. आम्ही तिघं मागं राहिलो.

कात मधल्याच कपाटात होती. खाली मखमल, वर दिवा. काळा दोरा तसाच, वर त्याची छान वेटोळी करून ठेवलेली. चिठ्ठीवर: 'सापाची कात. अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेला बांधतात. सुटका लवकर होते.' आणि खाली, 'शाळेच्या संग्रहातून'.

शोभाचं नावही नव्हतं.

माझ्या अंगाचा भडका उडाला. सरांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. तेवढ्यात इरप्पा काचेला नाक लावून म्हणाला, "सर, दोरा दिसून राहिलाय. त्योच हाय न्हवं? काय लिवलंय खाली?"

सर मग चिठ्ठीकडे न बघता, तोंडपाठ सांगू लागले. "कात. मूळ शब्द कृत्ति. आणणार, शोभा इरप्पा, इयत्ता आठवी." इरप्पानं काचेवर हात ठेवला. सर पुढं म्हणाले, "अडलेल्या बाईच्या कमरेला बांधतात. हे खोटं आहे. इरप्पा मागायला आला तेव्हा कशाला पाहिजे हे मी विचारलं नाही."

इरप्पा गर्रकन वळला. "तुमी कशाला आसं लिवलं? मागाया तर म्या आल्तो, सर. बाप म्या हाय. जीपम्होरून पळालो म्या."

"तू मागितली, म्या दिली, ह्या बाईनं बघितलं," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव त्यात घेतलं, आणि बरं केलं. "आपुन तिघं चुकलो, न कळता चुकलो. ह्या दालनवाल्यांच्या समोर वही होती, इरप्पा! वाचून चुकलेत हे!"

इरप्पा दारामागं गेला. तीस वर्षं ह्याच शाळेच्या किल्ल्या त्यानं सांभाळल्या होत्या, आणि किल्ल्या अजूनही दारामागच्या त्याच खिळ्याला होत्या. चाचपून त्यानं नव्या कपाटाची लहान किल्ली बरोबर काढली. कपाट उघडलं. कातीला हात लावला नाही. दोऱ्याची वेटोळी तेवढी सोडवून मुठीत घेतली. सरांनी चिठ्ठी उचलली.

मुख्याध्यापक जेवायला बोलवायला आले. "अहो सर, हे काय करून राहिलात? पाहुणे परत येतील बघायला. द्या ती चिठ्ठी इकडं."

सर म्हणाले, "कशाला पाहिजे?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, इरप्पाकडे बघितलं. मग म्हणाले, "अशी परंपरेची माहिती लोकांना आवडते, सर." सरांनी चिठ्ठी चार तुकडे करून खिशात टाकली. मी त्यांच्या खिशातलं तांबडं पेन मागून घेतलं आणि कोऱ्या कागदावर वहीतलं सगळं उतरवून, शोभाच्या नावासकट, कातीखाली ठेवलं. तो कागद त्यानंतर दोनदा काढला गेलाय. दोन्ही वेळा मी परत लिहून ठेवलाय. काढणाऱ्याचं नाव मला माहीत आहे. त्यानं हे वाचावं म्हणूनच लिहितेय.

न जेवताच ते दोघं फाटकाशी गेले. मी मागोमाग. जळकोटची जीप उभी होती. लातूरची एसटी जळकोटहून, म्हणून सर पुढं बसले, त्यांना पोचवायला इरप्पा शेजारी, काळा दोरा अजून मुठीत. मागं चार-पाच माणसं, एवढ्यावर ड्रायव्हर गाडी हलवतोय कशाला? तो खाली उभा राहून हॉर्न वाजवत होता, "जळकोट, जळकोट" ओरडत होता. मी खिडकीपाशी गेले, सरांना काहीतरी चांगलं बोलावं म्हणून. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. मान बाहेर काढून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ते ड्रायव्हरवर ओरडले, "चल म्हणतो ना! कुणाची वाट बघून राहिलास?"